हरणं मोजू नका, रोपं मोजा : क्वाबिनच्या जंगलातली शिकार

वूस्टरवासी

थँक्सगिव्हिंग झालं की आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, सरकार राखीव जंगलात लोकांना बंदुका देऊन सोडतंय, मुक्या हरणांचा बळी जातोय, निषेध करा वगैरे. ग्रुपवर दोन ओळींच्या पुढं कुणी वाचत नाही म्हणून इथं धागा काढते. माझं मत आधीच सांगते : मॅसॅच्युसेट्समधली ही शिकार बरोबर आहे आणि ती बंद पडली तर जंगलाचं वाटोळं होईल. मी स्वतः शिकार करत नाही, पण क्वाबिनच्या आसपासच्या जंगलात बरीच वर्षं फिरतेय आणि जे दिसतं ते लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. क्वाबिन म्हणजे बॉस्टनचं पाणी. शहराच्या पश्चिमेला साधारण ६५ मैलांवर स्विफ्ट नदी अडवून १९३० च्या दशकात हा जलाशय केला. डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं २८ एप्रिल १९३८ ला कायद्यानंच रद्द झाली, घरं पाडली, कबरीसुद्धा उकरून दुसरीकडं नेल्या. मुळशी आणि कोयना ऐकत मोठे झालेल्या माणसाला ते वाचून पोटात कालवतं, पण तो वेगळा धागा होईल. धरण पूर्ण भरायला १९४६ उजाडलं. ४१२ अब्ज गॅलन पाणी मावतं त्यात.

आता मुद्दा असा की हे पाणी गाळत नाहीत. ओझोन आणि अतिनील किरण वापरून जंतू मारतात, पण मोठ्या शहरांना असतो तसा गाळण प्रकल्प इथं नाही, नियमातून तशी सूट मिळालेली आहे. ही सूट टिकते भोवतालच्या जंगलामुळं. पाऊस पानांवर पडतो, पालापाचोळ्यातून मुरतो, मुळं माती धरून ठेवतात, आणि ओढ्यातून जलाशयात येतं ते स्वच्छ पाणी. म्हणजे बॉस्टनकरांचा गाळण प्रकल्प म्हणजे ही झाडंच.

आणि त्या जंगलात जवळपास पन्नास वर्षं शिकार पूर्ण बंद होती. लांडगे इथले आधीच संपलेले, एकोणिसाव्या शतकातच मारून टाकले, डोंगरी सिंह (प्यूमा) पण गेले. कोयोटी आले ते विसाव्या शतकाच्या मध्याला, ते पाडसं उचलतात पण धडधाकट मोठं हरीण त्यांना एरवी झेपत नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची मादी चांगलं खायला मिळालं की बहुतेक वेळा जुळी घालते. तर १९८० च्या दशकात चित्र असं होतं की वर उंच उंच ओक आणि पाइन, खाली गुडघाभर नेचे, आणि मधे काहीच नाही. रोप उगवलं की खाल्लं, उगवलं की खाल्लं. कोकणातल्या एखाद्या गावात सगळी म्हातारी माणसंच उरावीत आणि शाळा पोरांअभावी बंद पडावी, तसं ते जंगल झालं होतं. लांबून हिरवंगार दिसायचं.

भीती कशाची होती तर वादळाची. २१ सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळानं न्यू इंग्लंडची जंगलंच्या जंगलं आडवी केली होती. तसं परत आलं आणि म्हातारी झाडं एका रात्रीत पडली तर खाली जागा घ्यायला कोणीच नाही, माती उघडी पडणार, ती थेट पिण्याच्या पाण्यात. म्हणून १९९१ मध्ये पहिल्यांदा ठरवून, लॉटरीनं परवाने देऊन मर्यादित शिकार सुरू केली. विरोध प्रचंड झाला तेव्हा. पण झाली, आणि त्यानंतर काही वर्षांत रोपं डोकं वर काढायला लागली.


निरामय

सविस्तर लिहिलंत, पण मला पटलेलं नाही. लांडगे माणसानं मारले, डोंगरी सिंह माणसानं मारले, धरण माणसानं बांधलं, गावं माणसानं बुडवली आणि शिक्षा कुणाला तर हरणाला? हे म्हणजे आपण केलेल्या घोळाची किंमत ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून वसूल करणं आहे. दुसरं असं की खरंच पर्यावरणाचं काम असेल तर ते खात्यानं स्वतः करावं, लॉटरी काढून हौशी लोकांना बोलवायचं कशाला? जीव घेण्याचा कोणाला तरी आनंद मिळतोय, त्याला आपण जंगलरक्षण म्हणतोय हे मला सहन होत नाही. हरणांना गर्भनिरोधक देता येतं असं वाचलंय, तो मार्ग का नाही?


सातपुडकर

+१. गर्भनिरोधकाचं मलाही जाणून घ्यायचंय.


वूस्टरवासी

@निरामय, पहिल्या मुद्द्याशी भांडण नाहीच, चूक माणसाची आहे हे शंभर टक्के मान्य. पण लांडगे नाहीत ही गोष्ट आजची खरी आहे आणि हरणी दर मे-जूनला पिल्लं घालणार ही पण. हात बांधून बसायचं म्हटलं तरी तो एक निर्णयच आहे, त्याची किंमत रोपं भरतात, रोपांवर जगणारे पक्षी आणि किडे भरतात, आणि शेवटी हरणं पण भरतात कारण कडक हिवाळ्यात खायला उरत नाही आणि पाडसं उपाशी मरतात. ते मरण कुणी बघत नाही एवढंच.

गर्भनिरोधकाबद्दल : पीझेडपी नावाची लस आहे, न्यूयॉर्कजवळ फायर आयलंडवर १९९० च्या दशकात तिचे प्रयोग झाले. लस चालते, खोटं नाही. पण प्रत्येक मादी गाठून तिला डार्ट मारायचा, तिची नोंद ठेवायची, पुढं बूस्टर द्यायचा. बेटावर किंवा कुंपणातल्या कळपात जमतं. स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी केली, तेही बेटच, आणि लाखो डॉलर खर्चून. क्वाबिनसारख्या हजारो एकरांच्या उघड्या जंगलात चारी बाजूंनी हरणं येत-जात असताना कितव्या मादीला शोधणार? शिवाय लस टोचलेली मादी जिवंतच असते, पुढची सात-आठ वर्षं ती रोपं खातच राहते. जंगलाला पाळणा थांबून उपयोग नाही, आजची तोंडं कमी व्हायला लागतात.

खात्यानं स्वतः करण्याबद्दल, काही उपनगरांत पगारी नेमबाज रात्री आमिष ठेवून मारतात. ते काम नीट करतात पण पैसा जातो, आणि दरवर्षी जातो. इथं लोक फी भरून येतात आणि मांस घरी नेऊन खातात.

आणि फांदी कुणी खाल्ली ते कसं ओळखायचं ते सांगते, कारण हे मला स्वतः बघितल्यावरच पटलं होतं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यात फांदी धरून ते हिसडा मारतं, म्हणून तुटलेलं टोक फाटलेलं, धागे निघालेलं दिसतं. सशानं खाल्लेली फांदी सुरीनं तिरकी कापल्यासारखी स्वच्छ असते. जंगलात गेलात की हेमलॉकच्या नाहीतर मेपलच्या गुडघ्याएवढ्या रोपापाशी उकिडवे बसा आणि शेंडा बघा. दहा वर्षांचं रोप वीतभर असतं, शेंडा दरवर्षी खाल्लेला, बाजूनं फुटवा, तो पण खाल्लेला, मग गाठ होऊन बसलेली. शेजारीच बीच नावाच्या झाडाची आणि नेच्यांची मस्त चंगळ, कारण ती हरणाला आवडत नाहीत. म्हणजे हरणं नुसतं जंगल खात नाहीत, पुढचं जंगल कशाचं असणार तेही ठरवतात.


तिरंदाज_पीए

माझं पण लिहितो. मी मूळचा सांगलीकडचा, पेनसिल्वेनियात येऊन वीसेक वर्षं झाली, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून लायसन्स काढलं, धनुष्यानं आणि बंदुकीनं दोन्ही शिकार करतो. निरामय ताई, "आनंद" या शब्दावर एवढंच म्हणेन की हरीण पडल्यावर जवळ जाताना जे वाटतं त्याला मी तरी आनंद म्हणणार नाही. पहाटे अंधारात जाऊन झाडावर गारठत बसायला आवडतं, जंगल जागं होताना बघायला आवडतं, वर्षभराचं मटण फ्रीजरमध्ये असतं ते आवडतं. मारणं हे काम आहे आणि ते नीट करायचं असतं.

पण मला वेगळा मुद्दा मांडायचाय. शिकार म्हणजे आपोआप संख्या कमी होते हा गैरसमज आहे. इथं पिढ्यान्‌पिढ्या शिकारी फक्त शिंगवाला नर मारायचे, मादी मारणं म्हणजे पाप, बायकोपोरांवर हात उचलल्यासारखं. नर कितीही मारा, उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो, पुढच्या वर्षी पिल्लं तेवढीच. पेनसिल्वेनियात साधारण २००० नंतर गॅरी आल्ट नावाचे गेम कमिशनचे (राज्याच्या वन्यजीव खात्याचे) जीवशास्त्रज्ञ गावोगाव सभा घेत फिरले, मादी मारा आणि कोवळे नर सोडा म्हणून. २००२ ला शिंगांच्या टोकांचा नियम आला, म्हणजे शिंगाला ठरावीक टोकं असतील तरच तो नर मारायचा. शिकारी भयंकर चिडले होते. अजून जुनी माणसं क्लबात बसून "पूर्वी एका दिवसात चाळीस हरणं दिसायची" म्हणतात. चाळीस दिसायची म्हणूनच तर खाली एक रोप नव्हतं! ॲलेघेनी जंगलाच्या किंझुआ भागात जमीनमालक, वनखातं आणि शिकारी एकत्र आले, मादीचे जादा परवाने दिले, आणि ट्रिलियम नावाचं रानफूल परत उंच व्हायला लागलं की नाही ते मोजलं. ट्रिलियम हे हरणाचं अगदी लाडकं खाणं, म्हणून ते मोजायचं.

त्यामुळं वूस्टरवासींच्या शीर्षकाशी शंभर टक्के सहमत. हरणं मोजून काय होतं, हरणं लपतात, आकड्यावरून भांडणं होतात. रोप लपत नाही.


संपादक

विषय शाकाहार विरुद्ध मांसाहार असा वळवू नये ही विनंती. तसे दोन प्रतिसाद काढले आहेत.


यवतमाळचा_बंडू

तुमचं जंगलाचं ऐकून बरं वाटलं, आमचं शेतीचं ऐका. आमच्या इकडे हरभरा आणि तूर फुलावर आली का रोही (नीलगाय) येते कळपानं, आणि रानडुकरं तं सोयाबीन असं लोळवून टाकते का सकाळी पाहून रडू येते. जागल करा रात्रभर, झटका मशीन लावा, साड्या बांधा कुंपणाले, फटाके फोडा. आठ दिवस घाबरते, नवव्या दिवशी येतेच. नुकसानभरपाईसाठी अर्ज करा, पंचनामा करा, फोटो काढा, मग वाट पहा. मारायची परवानगी घ्यायची सोय कागदावर आहे, पण मारणार कोण? बंदूक कोणाजवळ आहे? शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा एकदा. अमेरिकेतले लोक स्वतःहून पैसे भरून येते म्हणता, आमच्याकडं पैसे देऊनही कोणी येत नाही. आमच्याकडं पण अशी शिकार उघडा, हे माझं म्हणणं आहे.


पक्षीवेडा

बंडूभाऊ, तुमचा त्रास खरा आहे, पण इथली गोष्ट आणि आपली गोष्ट सरळ एकावर एक ठेवता येत नाही, कारण आपल्याकडं खाणारे अजून आहेत. ताडोबा, पेंच, मेळघाटात वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्रे आहेत. तिथं चितळ-सांबर कमी झाले की वाघ गुरांवर येतो. म्हणून जंगलातली हरणं मारायला लोकांना सोडणं आपल्याकडं आगीशी खेळ होईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली तेव्हा परिस्थिती काय होती ते जुन्या लोकांना विचारा. परवान्यांच्या नावाखाली काय काय मारलं जायचं!

पण कायद्यात वाट आहे हे पण खरं. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर ठरावीक प्राण्यांना मारायची परवानगी वनखात्याचे अधिकारी देऊ शकतात, आणि केंद्र काही प्राणी ठरावीक भागापुरते, ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करू शकतं. बिहारमध्ये रोही आणि रानडुकरांसाठी तसं केलं होतं, २०१६ ला त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांत उघड वाद झाला होता आठवत असेल. केरळनं २०२२ मध्ये रानडुकराच्या बाबतीत हा अधिकार ग्रामपंचायतींपर्यंत खाली नेला. माझ्या मते यवतमाळला तसलं काहीतरी लागेल, शेताच्या बांधावर, ठरलेल्या प्राण्यापुरतं, प्रशिक्षित माणसाकडून. जंगल उघडणं नको.

भारतात क्वाबिनशी खरं जुळणारं उदाहरण एकच मला माहीत आहे, अंदमान. तिथं चितळ मुळात नाही. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात नेऊन सोडलं. वाघ नाही, बिबट्या नाही, पोहत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातं. रॉस बेटावर, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात, पर्यटक त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. संशोधकांना मात्र दिसतंय की जिथं चितळ जास्त तिथं झाडांखालचा थर विरळ होत गेलाय आणि त्याच्यावर अवलंबून असलेले सरडेही कमी झालेत. असल्या बेटावर मुख्य भूमीवरचाच नियम लावून चितळाला हात न लावणं म्हणजे तिथल्याच झाडांचा गळा घोटणं आहे, असं मी तरी स्पष्ट म्हणेन.


ऑकलंडचा_आप्पा

अंदमानचं वाचून राहवलं नाही. न्यूझीलंड म्हणजे मोठं अंदमानच समजा. इथं वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी नाही. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी विलायतेची आठवण म्हणून लाल हरणं आणून सोडली, आधी ती संरक्षित होती. जंगलं खलास व्हायला लागल्यावर १९३० पासून सरकारनं पगारी शिकारी डोंगरात पाठवले. मग १९६० च्या दशकात हेलिकॉप्टरमधून मारून मांस निर्यात करायचा धंदाच सुरू झाला, त्यानं डोंगरमाथ्यावरची हरणं जेवढी कमी झाली तेवढी त्याआधी कशानंच झाली नव्हती. पुढं शेतीत हरणं पाळायला परवानगी मिळाली, तेव्हा तेच पायलट मारायच्या ऐवजी जाळी टाकून जिवंत धरायला लागले.

आज देशाची जवळजवळ एक तृतीयांश जमीन संवर्धन खात्याकडं आहे आणि तिच्या बऱ्याच भागात शिकारीचा परवाना ऑनलाइन, फुकट मिळतो. माझा शेजारी जातो. तरी हरणं वाढतच आहेत. कारण तिरंदाज म्हणाले तेच, लोकांना मार्च-एप्रिलमध्ये डरकाळणारा मोठा नर पाहिजे, मादी कोण मारणार. आणि लोक रस्त्यापासून एक दिवसाच्या चालीच्या आतच फिरतात, आत खोल दऱ्यांत कोणी जात नाही. तेव्हा "लोकांना परवाने दिले की झालं" असं नाही हो. लोकांची शिकार हा उपाय जवळच्या, चढायला सोप्या जंगलात चालतो. दूरच्या जंगलात पगारी माणूसच लागतो.


वूस्टरवासी

आप्पा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. क्वाबिनला चाललं त्याचं कारण हेच असावं, जंगल तुकड्यातुकड्यांत वाटलेलं, फाटकं आणि जुने रस्ते आत खोलवर गेलेले, बुडालेल्या गावांचेच रस्ते ते. लॉटरीत नंबर लागलेला माणूस ठरलेल्या फाटकातून ठरलेल्या दिवशी जातो, आणि मारलेलं हरीण तपासणी नाक्यावर आणतो. नर-मादी, वय, वजन नोंदलं जातं.


अनघा_कनेटिकट

गोचिडीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमच्या मुलाला लाईम (गोचीड चावून होणारा आजार) झाला होता, आधी काही कळलंच नाही, मग गुडघा टम्म सुजला आणि रक्त तपासल्यावर निघालं. औषधानं बरा झाला. पण तेव्हापासून आमच्या परसात हरीण आलं की मला धडकी भरते. माझ्या दृष्टीनं एवढं एक कारण पुरेसं आहे, मारा म्हणावं.


वूस्टरवासी

अनघा, मुलगा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. पण गोचिडीचं कारण पुढं करून शिकारीचं समर्थन मी करणार नाही, कारण ते पूर्ण खरं नाही. लाईमचा जंतू गोचिडीला मुख्यतः उंदरांपासून मिळतो, पांढऱ्या पायाच्या उंदरापासून. हरणापासून तो लागत नाही. हरणाचं काम असं की मोठी झालेली गोचीड त्याच्या अंगावर शेवटचं रक्त पिते आणि मग हजारो अंडी घालते. मेन राज्यातल्या मोनहेगन बेटावर १९९६ ते १९९९ मध्ये सगळी हरणं काढून टाकली, एकही ठेवलं नाही, तेव्हा गोचिडी खरंच कमी झाल्या. पण ते बेट. मुख्य भूमीवर हरणं थोडी कमी केली तर लाईम कमी होतोच असं ठामपणे दिसलेलं नाही. लोकांना ते आश्वासन देऊन शिकार सुरू केली आणि लाईम कमी झाला नाही तर लोक म्हणणार फसवलं. जंगलासाठी करायचं तर जंगलासाठी म्हणूनच सांगावं. फिरून आल्यावर अंग तपासणं आणि कपडे ड्रायरमध्ये गरम करणं हे तुमच्या हातात आहे, ते करा.


निरामय

मी सगळं वाचलं. तिरंदाज यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय हे मान्य. तरी तीन प्रश्न आहेत. जखमी होऊन पळालेल्या हरणाचं काय? मांसात शिसं राहतं असं वाचलंय, ते लोकांना, आणि मेलेलं खाणाऱ्या गरुडांना जातं, त्याचं काय? आणि बॉस्टनजवळच्या ब्लू हिल्ससारख्या ठिकाणी, जिथं लोक मुलांना घेऊन फिरायला जातात, तिथं बंदुका कशाला?


तिरंदाज_पीए

पहिल्या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देणार नाही. जखमी होतात. धनुष्यानं बंदुकीपेक्षा जास्त शक्यता. म्हणून अंतर मर्यादित ठेवायचं, खात्री नसेल तर सोडून द्यायचं, आणि लागलं तर शेवटपर्यंत माग काढायचा, रक्ताचा थेंब थेंब बघत, रात्र झाली तरी. जो माग काढत नाही त्याच्याबरोबर मी परत जात नाही.

शिसं, खरं आहे. शिशाची गोळी हाडावर फुटते, बारीक कण जखमेपासून वीतभर लांब जातात, डोळ्याला दिसत नाहीत. २००८ ला नॉर्थ डकोटात दान केलेल्या मटणाच्या पाकिटांचे स्कॅन केले तेव्हा त्यात कण निघाले होते. मी तांब्याच्या गोळ्या वापरतो, महाग आहेत पण फुटत नाहीत. आतडी जंगलात सोडतो ती गरुड-कावळे खातात, तिथं शिसं नको. माझं तर म्हणणं आहे की पिण्याच्या पाण्याच्या जंगलात शिशावर बंदीच घालावी. क्वाबिनला १९८२ पासून टकल्या गरुडाची पिल्लं आणून सोडून ती जात परत आणली आहे ना, मग त्यांच्या तोंडी शिसं कशाला?

वय कसं ओळखतात ते पण सांगतो, आमच्याकडं खाटकांकडं गेम कमिशनची माणसं येतात आणि हरणांच्या डोक्यांचे जबडे उघडून बघतात. खालच्या बाजूची तिसरी पुढची दाढ तीन उंचवट्यांची असेल तर ती दुधाची, म्हणजे हरीण दीड वर्षाच्या आतबाहेर. ती पडून दोन उंचवट्यांची आली की मोठं. पुढं झिजेवरून. सगळी कोवळी निघत असतील तर त्यावरून कळपाचं गणित मांडता येतं. आणि जादा मांस "हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट" मार्फत फूड बँकेला जातं, १९९१ पासून चालू आहे.


वूस्टरवासी

ब्लू हिल्सबद्दल : बॉस्टनच्या दक्षिणेला लागून साधारण ७,००० एकरांचं राखीव जंगल, चारी बाजूंनी वस्ती आणि हायवे. २०१३ च्या पाहणीत तिथं चौरस मैलाला ८५ च्या आसपास हरणं असल्याचा अंदाज आला. लेंड्या मोजून काढतात हा अंदाज. राज्याचं उद्दिष्ट १२ ते १८ चं आहे. २०१५ ला पहिली शिकार झाली, फाटकांवर निदर्शनं झाली, निदर्शनं करणाऱ्यांत माझ्या ओळखीचे लोक होते, चांगले लोक आहेत ते. शिकारीचे दिवस मोजके, मधल्या वारीच ठेवतात, परवाने लॉटरीनं. राज्याचा कायदा असा की राहत्या घरापासून ५०० फुटांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय शिकार नाही, हरणासाठी रायफल नाही, शॉटगन असते, म्हणजे गोळी फार लांब जात नाही.

गर्दीच्या ठिकाणी बंदूक बघून पोटात गोळा येतो हे मला समजतं. पण आजूबाजूच्या जमिनीवर शिकार होत नसलेलं असं मधलंच बेट हरणांना बरोबर कळतं, ती तिथंच गोळा होतात. शहराजवळचं जंगल म्हणून त्याला सोडून दिलं तर तेच सगळ्यात आधी संपणार.

माझी एक तक्रार मात्र खात्यांकडं आहे आणि ती मी सूचना-सभांमध्येही मांडते. किती हरणं मारली याचा आकडा दरवर्षी ठळक छापतात. किती रोपं हरणाच्या तोंडाच्या वर गेली, साडेचार-पाच फुटांच्या वर, कोणत्या जातीची, हरणं आत येऊ नयेत म्हणून कुंपण घातलेल्या चौकोनात किती आणि बाहेर किती, हे आधी छापा ना. लोकांना मारलेल्याचा आकडा दिला की लोक मारण्यावरच भांडणार. ओकचं रोप दाखवलंत तर लोक ओकबद्दल बोलतील. आणि रोपं पुरेशी वर आली की परवाने कमी करा, हे पण त्यातच येतं. शिकार ही परंपरा म्हणून चालू ठेवायची गोष्ट मला मान्य नाही, जंगलाला गरज आहे तोवर आणि तेवढीच.


निरामय

शेवटचं वाक्य मला मान्य आहे. बाकी नाही. पण कुंपणाच्या आतबाहेरचा फरक बघायला मला आवडेल, कुठं आहे तो?


वूस्टरवासी

वसंतात या, मे महिन्यात, पानं फुटताना फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. संपर्कातून मेसेज करते, आपण जाऊ.


यवतमाळचा_बंडू

पक्षीवेडा भाऊ, ते केरळच्या पंचायतीचं नियमाचं नीट लिहून द्या ना मराठीत. आमच्या ग्रामसभेत ठेवतो. जंगल उघडा असं नाही म्हणत मग, बांधापुरतं तं बांधापुरतं.


पक्षीवेडा

देतो बंडूभाऊ, वेगळा धागा काढतो, इथं लिंक देईन. तुमच्याकडं कोणत्या महिन्यात कोणत्या पिकाला जास्त त्रास होतो ते पण लिहून ठेवा, अर्जात तेच लागतं.


नवीन_ब्रुकलाईन

आम्ही नुकतेच आलोय, वीकेंडला मुलांना आणि कुत्र्याला घेऊन ट्रेल्सवर जातो. डिसेंबरमध्ये जायचंच नाही का?


वूस्टरवासी

जा की. इथं सध्या रविवारी शिकारीला बंदी आहे, तो दिवस निवांत. क्वाबिनमध्ये शिकारीच्या दिवशी तो भाग इतरांना बंदच असतो, फाटकावर पाटी असते. बाकी जंगलात शॉटगनच्या मोसमात जायचं असेल तर भडक केशरी जॅकेट नाहीतर बनियनसारखा मिळतो तो व्हेस्ट घाला, शिकाऱ्यांना तो सक्तीचा आहे आणि हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे नकोत, हरणाची शेपटी पांढरी असते. पहाटे आणि सूर्य मावळताना जाऊ नका, ट्रेल सोडू नका. आणि कुत्र्यालाही केशरी व्हेस्ट घाला, तपकिरी असेल तर नक्कीच.